न झालेल्या तीन सह्या : अमेरिकेची राज्यघटना आणि पहिली फाटाफूट

पारिजात

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत आले आहेत. गेल्या शनिवारी त्यांना फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल दाखवायला नेलं. १७८७ साली ज्या दालनात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली ते दालन तसं लहानच आहे. हिरव्या कापडाने झाकलेली टेबलं, उंच खिडक्या आणि समोर वॉशिंग्टन बसायचे ती खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या चालू असताना ८१ वर्षांच्या फ्रँकलिननी त्याच्याकडे बघून म्हटलं होतं, की हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं की उगवतोय.

बाबांची उभी हयात तहसील कचेरीत कागदांवर सह्या-शिक्के घेण्यात गेली. त्यांनी मला हळूच विचारलं, "सगळ्यांनी सह्या केल्या का गं?" मी तिथल्या रेंजरला विचारलं. तो म्हणाला, शेवटच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, दालनात ४१ प्रतिनिधी होते आणि त्यातल्या तिघांनी सही केली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत बाबांचं तेच चाललं होतं. "चार महिने बसायचं आणि सही करायच्या दिवशी मागे सरायचं? कारण तसंच मोठं असणार."

तेव्हापासून मी त्या तिघांच्या मागे लागले आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडपासून सुटल्यावर १३ राज्यांनी जो करार केला होता त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, त्यांनी दिले तर दिले. करारात बदल करायचा तर १३ पैकी १३ राज्यांची संमती हवी. आयातीवर ५ टक्के जकात बसवायचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. सैनिकांचे पगार थकले, परदेशी कर्जाचे हप्ते थकले. तेव्हा काँग्रेसने फेब्रुवारी १७८७ मध्ये परिषद बोलावली ती 'करारात दुरुस्ती करण्यापुरती'. ऱ्होड आयलंडने माणसंच पाठवली नाहीत. बाकी १२ राज्यांतून मिळून ५५ जण आले. २५ मेला कामकाज सुरू झालं, आतलं बोलणं बाहेर काढायचं नाही असा नियम झाला, आणि दुरुस्ती बाजूला राहून अख्खी नवी घटनाच तयार झाली.

आता ते तिघे. एडमंड रँडॉल्फ, व्हर्जिनियाचे गव्हर्नर. गंमत नव्हे, मोठं कोडंच आहे, कारण २९ मेला ज्या आराखड्यावरून सगळी चर्चा सुरू झाली तो व्हर्जिनिया आराखडा यांनीच उभं राहून मांडला होता. दुसरे मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी, व्यापारी घरातले, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही आहे असे. आणि तिसरे जॉर्ज मेसन, व्हर्जिनियाचे जमीनदार, वॉशिंग्टनचे जुने शेजारी. १७७६ साली व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला तो मेसननी.

१२ सप्टेंबरला मसुदा जवळजवळ तयार होता. मेसन म्हणाले, याच्या सुरुवातीला लोकांच्या हक्कांची सनद जोडा, राज्यांच्या सनदी समोर आहेत, दोन-चार तासांत मजकूर तयार होईल. गेरींनी ठराव मांडला, मेसननी अनुमोदन दिलं. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन म्हणाले, राज्यांच्या सनदी रद्द होत नाहीत, तेवढ्या पुरेत. मत घेतलं. एकही राज्य ठरावाच्या बाजूने उभं राहिलं नाही. म्हणजे मेसनचं स्वतःचं व्हर्जिनियासुद्धा नाही.

मी तो दिवस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. चार महिने बंद दालन, फिलाडेल्फियाचा उन्हाळा, घरची शेती, धंदा, आजारपणं सोडून आलेली माणसं. सगळ्यांना घरी जायचं होतं. आणि 'दोन-चार तास' द्यायला कोणी तयार झालं नाही. त्याच्या बारा दिवस आधी मेसन बोलून गेले होते की या स्थितीतल्या घटनेवर सही करण्यापेक्षा मी माझा उजवा हात तोडून टाकीन. सही न करता ते घरी गेले तेव्हा त्यांच्याजवळ मसुद्याच्या छापील प्रतीच्या मागे लिहिलेली हरकतींची यादी होती. पहिलंच वाक्य : हक्कांचा जाहीरनामा नाही.

मला जे पटलं आहे ते असं. शाळेत आपण वाचतो की घटना झाली, सरकार आलं आणि मग पुढे पक्ष पडले. उलट आहे. फूट त्या दालनातच होती. आणि घटना लोकांच्या गळी उतरली ती ज्यांनी सही केली त्यांच्यामुळे जेवढी, तेवढीच ज्यांनी केली नाही त्यांच्यामुळे.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर दुरुस्त करावं.

लेखणी

फार सुंदर धागा, पारिजात. बाबांना नमस्कार सांगा.

एक शंका आहे. बदलाला १३ राज्यांची संमती लागते असा करार असताना ही घटना ९ राज्यांच्या मान्यतेवर लागू झाली ना? मग ती त्या वेळच्या कायद्याने बेकायदाच ठरत नाही का?

पारिजात

लेखणी, हा प्रश्न तेव्हाच विरोधकांनी विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर नव्हतं. परिषदेला फक्त दुरुस्तीचा अधिकार होता हे खरं, आणि १३ ची अट मोडली हेही खरं. सातव्या कलमात ९ राज्यं पुरेत असं लिहिलं आणि मान्यता राज्यांच्या विधिमंडळांकडून न घेता खास त्यासाठी निवडलेल्या परिषदांकडून घेतली. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी आणि घटनेचे खंदे समर्थक जेम्स मॅडिसन यांचा युक्तिवाद असा की अधिकार नसला तरी मसुदा हा नुसता सल्ला आहे, लोकांनी तो मान्य केला की आधीच्या सगळ्या उणिवा धुऊन निघतात. १३ ची अट पाळली असती तर एकटं ऱ्होड आयलंड अख्खा देश अडवून बसलं असतं. त्यांनी मार्च १७८८ मध्ये गावोगाव थेट मतदान घेतलं तेव्हा विरोधात २,७०० हून जास्त मतं पडली आणि बाजूने अडीचशेसुद्धा नाहीत. घटनेच्या समर्थकांनी त्यावर बहिष्कार टाकला होता हेही सांगायला हवं. पुढे ते राज्य आलं, पण मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर.

सह्यकडा

'लोकांनी मान्य केला' एवढ्यावर थांबू नका. पेनसिल्वेनियात ती मान्यता कशी मिळाली ते वाचून मी हादरलो होतो.

सह्या झाल्या १७ सप्टेंबरला. २८ सप्टेंबरला त्याच इमारतीत पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळात ठराव आला की लगेच मान्यता परिषद बोलवा. दुसऱ्या दिवशी अधिवेशन संपणार होतं. विरोधकांचं म्हणणं एवढंच की लोकांना मसुदा वाचायला वेळ द्या, डोंगरापलीकडच्या जिल्ह्यांत तो अजून पोहोचलासुद्धा नाही. कोणी ऐकेना, तेव्हा विरोधी १९ सभासद दुपारच्या बैठकीला आलेच नाहीत. गणसंख्येला ४६ लागत होते, ४४ भरले. काम ठप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमाव दोन सभासदांच्या बिऱ्हाडावर गेला. मॅकॅल्मंट आणि माइली अशी त्यांची नावं. दोघांना रस्त्यातून ओढत सभागृहात आणून बसवलं, कपडे फाटलेले. मॅकॅल्मंटनी उठून सांगितलं की मला जबरदस्तीने आणलं आहे, जाऊ द्या. कोणीतरी नियम दाखवला की गैरहजेरीचा दंड ५ शिलिंग आहे. त्यांनी खिशातून पैसे काढले, हे घ्या ५ शिलिंग आणि मला सोडा. सज्जातले लोक हसले. त्यांना सोडलं नाही, आणि गणसंख्या भरली म्हणून ठराव पास झाला. डिसेंबरात पेनसिल्वेनियाने ४६ विरुद्ध २३ ने घटना मान्य केली.

त्या हसण्याचा मला आजही त्रास होतो. पुढच्या कित्येक वर्षांचा पश्चिम पेनसिल्वेनियाचा राग त्या सकाळपासून धरायला हवा. १७९४ मध्ये दारूवरच्या कराविरुद्ध जो उठाव झाला, ज्यासाठी वॉशिंग्टनना जवळपास १३,००० शिपाई घेऊन निघावं लागलं, तो याच मुलखात.

माणदेशी

सह्यकडा यांच्या प्रतिसादाला जोडून मॅसॅच्युसेट्सची दुसरी बाजू लिहितो. मी शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून ही चर्चा मला जवळची वाटते.

तिथे १७८६ मध्ये कर्ज आणि करांखाली शेतकरी पिचले होते. कर रोखीत मागायचे, रोकड कुणाकडे नाही, मग जप्ती नाहीतर तुरुंग. त्यांनी कोर्टांच्या दारात उभं राहून कोर्टं बंद पाडली. त्यांच्या पुढाऱ्यांत डॅनियल शेज होता, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर त्यांच्यावर तोफ डागली गेली, चार माणसं मेली. या बंडाच्या धसक्यानेच अनेक पुढारी फिलाडेल्फियाला गेले.

बरोबर एक वर्षाने, २५ जानेवारी १७८८ ला, बॉस्टनच्या मान्यता परिषदेत दोन खेडूत उभे राहिले. पहिले एमोस सिंगलटरी. त्यांचं म्हणणं : हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले इतकं गुळगुळीत बोलून आपल्याला गोळी गिळायला लावताहेत. सगळी सत्ता, सगळा पैसा यांच्या हातात जाणार आणि बायबलात देवमाशाने योनाला गिळलं तसं आपल्या लहान माणसांना हे गिळणार.

लगेच दुसरे उठले, जोनाथन स्मिथ. म्हणाले, मी साधा माणूस, नांगरावर पोट भरतो, बोलायची सवय नाही, पण माझ्या नांगऱ्या भावांना चार शब्द सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे अराजक काय असतं ते बघितलं, शेजारी शेजाऱ्याच्या छातीला बंदूक लावत होता. ही घटना हाती आली तेव्हा मी कुठल्या वकिलाकडे गेलो नाही, स्वतः वाचली. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला पाठ झालं आहे : तुम्ही दोघा-तिघांनी मिळून खडकाळ रान फोडलं, गहू पेरला, आणि कुंपण कसलं घालायचं यावर एकमत होईना, तर रान मोकळं सोडाल का? प्रत्येकाच्या मनासारखं नसलं तरी काहीतरी कुंपण घालणं बरं, की सगळं पीक जाईपर्यंत भांडत बसणं बरं?

दोघेही शेतकरी, दोघांचाही अनुभव खरा. मला तर दोघेही बरोबर वाटतात.

शेवटी तोडगा निघाला तो असा की आधी मान्यता द्यायची आणि सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. मत १८७ विरुद्ध १६८. केवळ १९ मतांचा फरक. आणि हरलेल्यांपैकी काहीजण उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही विरोधात मत दिलं, बहुमताने हरलो, आता गावी जाऊन लोकांना समजावू. पारिजात म्हणतात ते मला इथे दिसतं.

दक्खनी

सगळं वाचतो आहे. चांगलं लिहिताय सगळे. पण चार प्रतिसाद झाले आणि एका गोष्टीचा उल्लेख नाही म्हणून लिहितो.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ३९ लाख माणसं होती. त्यातली जवळपास ७ लाख गुलाम. त्यांना विचारायला कुठली परिषद भरली? घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही, शोधून बघा. 'इतर व्यक्ती' असं लिहिलं आहे. ५ गुलाम म्हणजे ३ माणसं असा हिशेब धरून मालकांच्या राज्यांना जादा जागा दिल्या. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असं लिहून दिलं. पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा हेही कलम घातलं.

आणि पारिजातताई, तुमचे मेसन. २२ ऑगस्टला त्यांनी भाषण केलं की गुलामांचा प्रत्येक मालक हा जन्मतःच जुलमी होतो आणि या पापाची शिक्षा देशाला भोगावी लागेल. शब्दाशब्दाने खरं. पण त्यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते आणि त्यांनी ते मुक्त केले नाहीत. उलट पुढच्या वर्षी रिचमंडला भरलेल्या व्हर्जिनियाच्या मान्यता परिषदेत त्यांनी तक्रार केली की जे गुलाम आज आमच्याकडे आहेत ती मालमत्ता सुरक्षित राहील असं घटनेत कुठे लिहिलं आहे?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्याग केला. फिलाडेल्फियाच्या त्या ४१ जणांच्या नावे केली नाही. त्यागाचा तो काळ येईपर्यंत आणखी ७० वर्षं गेली आणि युद्ध झालं. हक्कांची सनद मागणाऱ्याच्या तोंडी 'माणूस' या शब्दात कोण येत होतं हे विचारल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

पारिजात

दक्खनी, तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात हे यायला हवं होतं. मेसनची यादी वाचताना मी पहिल्या वाक्यावरच थांबले, ही माझी चूक. रिचमंडचं ते भाषण आता वाचलं. बचाव करण्यासारखं काही नाही.

त्याच रिचमंडच्या परिषदेबद्दल आणखी थोडं, कारण तिथे तिघांपैकी दोघे समोरासमोर आले. मेसन आणि पॅट्रिक हेन्री विरोधात. हेन्रींनी विचारलं, 'आम्ही लोक' असं म्हणायचा यांना अधिकार कोणी दिला, 'आम्ही राज्यं' का नाही? आणि सही न केलेले रँडॉल्फ मात्र बाजू बदलून मान्यतेच्या बाजूने बोलले. त्यांचं कारण सरळ होतं : आठ राज्यांनी मान्यता दिली आहे, आता प्रश्न घटना चांगली की वाईट हा राहिलेला नाही, संघ राहणार की फुटणार एवढाच आहे. मत ८९ विरुद्ध ७९. चार दिवस आधी न्यू हॅम्पशायर नववं राज्य ठरलं होतं, पण ती बातमी रिचमंडला पोहोचली नव्हती.

आणि मग मॅडिसन. सनदेची गरज नाही म्हणणारे मॅडिसन १७८९ मध्ये निवडणुकीला उभे राहिले ते जेम्स मन्रोंविरुद्ध. मतदारसंघात बाप्टिस्ट बरेच, त्यांना धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसननी दुरुस्त्या आणायचं वचन दिलं आणि १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आले. ३३६ मतं! ८ जून १७८९ ला त्यांनी दुरुस्त्या मांडल्या, बाकी सभासद म्हणत होते की आधी जकातीचं काम संपवा. काँग्रेसने १२ पाठवल्या, १० मंजूर झाल्या, १५ डिसेंबर १७९१. मेसननी मागितलेली सनद मेसनच्या प्रतिस्पर्ध्याने पुरी केली.

रेवा

मला एक कळत नाही. घटनेच्या बाजूचे ते फेडरलिस्ट आणि विरोधातले ते पुढचे जेफरसनचे रिपब्लिकन, असं सरळ आहे का? मॅडिसन मग दोन्हीकडे कसे?

व्याजदर

रेवाताई, सरळ नाही, आणि ते समजायला कर्जरोखे समजून घ्यावे लागतील. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात रंगतदार वाटतो.

मॅडिसन आणि न्यूयॉर्कचे अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८७-८८ मध्ये खांद्याला खांदा लावून काम केलं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने घटनेच्या बाजूने ८५ लेख आले. हॅमिल्टनचे ५१, मॅडिसनचे २९, जॉन जे यांचे ५. दोन वर्षांत हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले.

हॅमिल्टन अर्थमंत्री झाले आणि जानेवारी १७९० मध्ये त्यांनी कर्जाचा अहवाल दिला. केंद्राचं कर्ज ५ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास, राज्यांचं धरलं तर आणखी अडीच कोटी. त्यांची योजना : सगळे जुने रोखे दर्शनी किमतीला मान्य करायचे, नवे रोखे द्यायचे, व्याज वेळेवर भरायचं आणि राज्यांची कर्जंही केंद्राने घ्यायची.

आता हे रोखे होते कोणाकडे? युद्धात सैनिकाला पगाराऐवजी कागद मिळाला होता. घरी आल्यावर पोटासाठी त्याने तो मातीमोल भावात विकला. योजनेची कुणकुण लागताच न्यूयॉर्कच्या दलालांनी दक्षिणेत माणसं पाठवून उरलेसुरले रोखे गोळा केले. मॅडिसन म्हणाले, सध्याच्या धारकाला बाजारभाव द्या आणि उरलेलं मूळ सैनिकाला द्या. भावना शंभर टक्के बरोबर. पण एक बँकवाला म्हणून सांगतो, कागद हस्तांतर झाला की हक्क हस्तांतर झाला, हे तत्त्व सरकारनेच मोडलं तर त्या सरकारच्या कागदाला उद्या कोणी हात लावणार नाही. हॅमिल्टनचं म्हणणं हेच होतं. मॅडिसनचा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ ने पडला. मी हॅमिल्टनच्याच बाजूने मत दिलं असतं, आणि तरी त्या रात्री मला झोप लागली नसती.

राज्यांची कर्जं घेण्याचा मुद्दा अडला, कारण व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडून टाकलं होतं. एप्रिलमध्ये ३१ विरुद्ध २९ ने तो पडला. मग जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडी ते प्रसिद्ध जेवण झालं. राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात आणि मग कायमची पोटोमॅकच्या काठी, त्या बदल्यात कर्जाला पुरेशी मतं. जेफरसननी दोनच वर्षांनी वॉशिंग्टनना लिहिलं की माझ्या राजकीय आयुष्यातल्या सगळ्या चुकांत या चुकीचं दुःख सर्वांत मोठं आहे.

१७९१ मध्ये हॅमिल्टनच्या राष्ट्रीय बँकेचं विधेयक आलं. घटनेत 'बँक' हा शब्द नाही. हॅमिल्टन म्हणाले, दिलेले अधिकार वापरायला जे 'आवश्यक आणि योग्य' ते सगळं करता येतं. जेफरसन म्हणाले, आवश्यक म्हणजे ज्यावाचून चालतच नाही ते, सोयीचं ते नव्हे. वॉशिंग्टन इतके विचारात पडले की नकाराचा मसुदा त्यांनी मॅडिसनकडून लिहून घेतला होता. शेवटी २५ फेब्रुवारीला सही केली. रेवाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दाच्या अर्थात आहे. घटना हवी की नको हा वाद १७८९ ला संपला होता. आता दोन्ही बाजू घटनेचीच शपथ घेत होत्या आणि ती वाचायची कशी यावर भांडत होत्या.

लेखणी

व्याजदरकाका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका, कृपया. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

माणदेशी

+१. आणि गेरींनी १७८९ च्या काँग्रेसमध्ये नावांबद्दलच तक्रार केली होती ती इथे बसते. ते म्हणाले, आम्हाला 'फेडरलविरोधी' म्हणता, पण आम्हालाच तर राज्यांचा खराखुरा संघ हवा होता. ज्यांना एकसंध मोठं सरकार हवं होतं त्यांनी आमचं नाव आधी घेऊन टाकलं.

दक्खनी

जेफरसनवरून एक. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफरसनचा विचार उद्धृत केला होता : प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्र समजावं, तिला बहुमताने स्वतःला बांधून घेता येतं, पुढच्या पिढीला बांधता येत नाही. त्याच भाषणात त्यांनी फिलाडेल्फियाच्या तारखाही दिल्या, २५ मे ते १७ सप्टेंबर, आणि तिकडे ७ कलमं, इथे ३९५, असा हिशेब मांडला. आपल्याकडे वेळ का लागला याचं ते उत्तर होतं. ज्यांना हे भाषण फक्त 'भक्ती'च्या उताऱ्यापुरतं माहीत आहे त्यांनी पूर्ण वाचावं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात गेले. हॅमिल्टन शिकले ते किंग्ज कॉलेज म्हणजेच पुढचं कोलंबिया.

रेवा

व्याजदरकाका, आता लख्ख समजलं. शेवटचा प्रश्न : विरोधातल्या लोकांच्या हाती सरकार पहिल्यांदा कधी आलं? आणि शांतपणे आलं का?

सह्यकडा

१८०१ ला. शांतपणे, पण थोडक्यात वाचलं.

त्याआधी १७९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट सरकारने सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा केला होता. व्हरमाँटचे सभासद मॅथ्यू लायन यांना ४ महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला, आणि तुरुंगात असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती होऊन सात वर्षंसुद्धा झाली नव्हती.

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचे जोडीदार बर या दोघांनाही राज्यांच्या निर्वाचकांची ७३-७३ मतं पडली, ॲडम्सना ६५. (दक्खनी यांच्या मुद्द्याला जोडून : गुलामांच्या मोजणीने मिळालेली जादा मतं काढली तर ॲडम्स जिंकले असते असं अनेक इतिहासकार हिशेबाने दाखवतात.) तेव्हाच्या नियमात राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी वेगळी मतं नव्हती, म्हणून प्रकरण हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात गेलं. १६ राज्यं, प्रत्येकाला एक मत, जिंकायला ९ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१, वॉशिंग्टनमध्ये अर्धवट बांधलेलं कॅपिटल, बाहेर बर्फ. जेफरसनना ८, बरना ६, दोन राज्यं आतल्या आत समसमान.

मेरीलँड अशांपैकी एक, ४ विरुद्ध ४. त्यांचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणले होते. ते नसते तर मेरीलँड बरकडे गेलं असतं. त्यांना बर्फातून उचलून आणलं, सभागृहाशेजारच्या खोलीत बिछाना घातला, पत्नी उशाशी बसली, आणि दर फेरीला मतपेटी त्यांच्या अंथरुणापाशी नेत. ३५ फेऱ्या झाल्या तरी आकडा हलेना. १७ फेब्रुवारीला ३६व्या फेरीत डेलावेअरचे एकमेव सभासद बेयर्ड यांनी, फेडरलिस्ट असून, कोरी चिठ्ठी टाकली, व्हरमाँट आणि मेरीलँडचे फेडरलिस्टही बाजूला झाले. जेफरसन १० राज्यांनी निवडून आले.

मॅकॅल्मंटना ओढत आणलं त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. या वेळी मतासाठी जो उचलून आणला गेला तो स्वतःच्या इच्छेने आला होता.

पारिजात

सह्यकडा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. निकोल्सनच्या बिछान्यापाशी ते मला थांबवून म्हणाले, "परत वाच."

सही न केलेल्या तिघांचं पुढे काय झालं हे व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) दोघांनी विचारलं आहे, म्हणून इथेच लिहिते. रँडॉल्फ पहिले ॲटर्नी जनरल झाले, बँक घटनाबाह्य आहे असं त्यांनीही वॉशिंग्टनना लिहून दिलं होतं. गेरींनी काँग्रेसमध्ये हॅमिल्टनच्या कर्जयोजनेला पाठिंबा दिला, पुढे जेफरसनच्या पक्षात गेले आणि मॅडिसनचे उपाध्यक्ष असताना १८१४ मध्ये वारले.

मेसन कुठल्याच सरकारात गेले नाहीत. वॉशिंग्टनशी असलेली जुनी मैत्री तुटली, एका पत्रात वॉशिंग्टननी त्यांचा उल्लेख 'माझे एकेकाळचे मित्र' असा केला आहे. सप्टेंबर १७९२ च्या शेवटी जेफरसन त्यांच्या घरी, गन्स्टन हॉलला गेले आणि बोलणं झालं ते टिपून ठेवलं. मेसननी त्यांना सांगितलं की परिषद उठायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत जी घटना ठरली होती तिच्यावर मी मनापासून सही केली असती. मग एक सौदा झाला. दक्षिणेकडच्या दोन राज्यांना गुलाम आणायला आणखी वीस वर्षं हवी होती, न्यू इंग्लंडच्या राज्यांना जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने करून हवे होते. दोघांनी एकमेकांना मतं दिली. दक्खनी, म्हणजे तुम्ही ज्या कलमावर बोट ठेवलंत तिथेच मेसनही येऊन थांबले होते, आणि त्यांना त्यातलं जास्त काय बोचलं, गुलामांचा व्यापार की जहाजांचे कायदे, ते त्या टिपणावरून मला ठरवता आलेलं नाही. त्या भेटीनंतर आठवडाभरातच, ७ ऑक्टोबरला, मेसन वारले.

गन्स्टन हॉल अजून उभं आहे, पोटोमॅकच्या काठी, आणि आत जाऊन बघता येतं. बाबांना जायचं आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गाडीने निघतोय, दोन जागा रिकाम्या आहेत. वाटेतल्या कोणाला यायचं असेल तर व्यनि करा.